रजिस्ट्री क्लीनर दर वेळी नव्या ‘चुका’ का काढतो, आणि संगणक तरीही संथ का राहतो

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. घरचा संगणक मंदावतो. कुणीतरी रजिस्ट्री क्लीनर, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जचा साठा साफ करतो म्हणणारा प्रोग्रॅम, टाकायला सांगतं. पहिल्या स्कॅनमध्ये सात-आठशे ‘चुका’ निघतात, त्या एका बटणाने पुसल्या जातात आणि आकडा शून्यावर येतो. आठवडाभराने पुन्हा स्कॅन केलं की दीडशे-दोनशे नव्या चुका हजर. पुन्हा पुसा, पुन्हा येतात. मधल्या काळात संगणक होता तितकाच संथ. कधी कधी तर एखादा प्रोग्रॅम उघडेनासाच होतो.

यावरचं उत्तर आधीच सांगून टाकतो. विंडोज 10 किंवा 11 असलेल्या घरगुती संगणकावर रजिस्ट्री क्लीनर वापरू नका. फुकटचाही नको आणि विकतचाही नको. तो ज्यांना चुका म्हणतो त्यातल्या जवळपास सगळ्या निरुपद्रवी असतात, रोजच्या वापरातून त्या पुन्हा तयार होणारच, आणि त्या पुसून वेग वाढत नाही. संथपणाचं कारण दुसरीकडे असतं आणि ते दहा मिनिटांत सापडू शकतं. ते कसं शोधायचं हे खाली येईलच, पण आधी क्लीनर दाखवतो ती चुकांची लाल यादी नीट वाचूया, कारण भीती तिच्यामुळे बसते.

यादीत नेमकं असतं काय

विंडोजची आणि त्यावरच्या प्रोग्रॅमची सेटिंग्ज ठेवण्याचा डेटाबेस म्हणजे रजिस्ट्री. ती एका फाइलमध्ये नसते. सिस्टम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी, डिफॉल्ट अशा मोठ्या फाइली विंडोज फोल्डरमधल्या सिस्टम32 च्या आत, कॉन्फिग नावाच्या फोल्डरमध्ये असतात. शिवाय प्रत्येक वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये एनटीयूझर.डॅट ही त्याची स्वतःची फाइल असते. क्लीनर या सगळ्यांतून फिरतो आणि मुख्यतः एकच गोष्ट तपासतो: नोंदीत जो पत्ता लिहिला आहे, तिथे आत्ता ती फाइल आहे का? नसेल तर ‘चूक’.

आता नोंदी बघा. पेन ड्राइव्हवरची पीडीएफ उघडली की ‘अलीकडे उघडलेल्या फाइली’ या यादीत तिचा पत्ता लिहिला जातो. पेन ड्राइव्ह काढला की तो पत्ता मेला, एक चूक. एखाद्या प्रोग्रॅमचा इन्स्टॉलर डाउनलोड करून चालवला, काम झाल्यावर पुसला. विंडोजने त्याचं दाखवायचं नाव एमयूआय कॅश या जागी लिहून ठेवलेलं असतं, दुसरी चूक. काही प्रोग्रॅम अपडेट होताना नव्या आवृत्तीचं नवं फोल्डर करतात आणि जुनं काढून टाकतात. जुन्याचा पत्ता कुठेतरी राहिला, तिसरी. एखाद्या फाइल-प्रकाराला कुठलाच प्रोग्रॅम जोडलेला नाही, एखादा प्रोग्रॅम काढताना रिकाम्या फोल्डरचा उल्लेख मागे राहिला, सामायिक डीएलएलच्या (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या फाइलींच्या) यादीत एक जुनं नाव उरलं, अशी बाकीची भरती. यातली एकही ओळ संगणकाला अडवत नाही. आणि संगणक वापरणं चालू आहे तोवर यादी रिकामी राहूच शकत नाही. ‘चुका पुन्हा का येतात’ याचं कारण एवढंच.

‘नोंद सापडली नाही’ ही गोष्ट विंडोजला किती सवयीची आहे हे प्रत्यक्ष बघता येतं. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संग्रहातलं प्रोसेस मॉनिटर हे मोफत साधन चालू करा आणि नोटपॅडसारखा साधा प्रोग्रॅम उघडा. काही क्षणांत रजिस्ट्रीच्या हजारो ओळी सरकताना दिसतात आणि त्यांतल्या कितीतरी ओळींपुढे ‘नेम नॉट फाउंड’ असा निकाल असतो. प्रोग्रॅम विचारतो की ही सेटिंग आहे का, उत्तर मिळतं की नाही, तो ठरलेली किंमत घेऊन पुढे जातो. रोजचं कामकाज असंच चालतं.

वेग का वाढत नाही

आधी आकार. एका नोंदीला सरासरी दोनशे बाइट धरले, तर आठशे नोंदी म्हणजे सुमारे 160 केबी. फोनवर काढलेला एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. एकट्या सॉफ्टवेअर या फाइलचा आकार कित्येक दहा एमबी असतो, त्यापुढे ही बचत मोजण्याजोगी नाही. शिवाय नोंद पुसली म्हणून फाइल लगेच लहान होत नाही. तिच्या आत तेवढी मोकळी जागा पडते आणि पुढची नवी नोंद तिथे जाऊन बसते.

दुसरी गोष्ट शोधाच्या पद्धतीची. विंडोज रजिस्ट्री पहिल्या पानापासून वाचत नाही. प्रोग्रॅम पूर्ण पत्ता देतो, विंडोज एकेक पायरी उतरत नेमक्या नोंदीपाशी पोहोचतं. गल्लीतली चार घरं बंद आहेत म्हणून पोस्टमनला पाचव्या घरी पोहोचायला उशीर होत नाही, तसंच. मेलेल्या नोंदीकडे कुणी जातच नाही, मग तिच्यामुळे वेळ कसा जाणार?

हा समज आला कुठून, तर जुन्या काळातून, आणि तेव्हा त्यात तथ्य होतं. विंडोज 95 आणि 98 मध्ये रजिस्ट्री नाजूक होती. विंडोज एनटी आणि 2000 मध्ये तिच्या आकाराला ठरावीक कमाल मर्यादा असे. त्या काळी खुद्द मायक्रोसॉफ्टनेही रेगक्लीन नावाचं साधन दिलं होतं, ते नंतर मागे घेतलं. विंडोज एक्सपीपासून ती आकाराची मर्यादा गेली. सल्ला मात्र तोंडोतोंडी पुढे चालत राहिला. आज मायक्रोसॉफ्टची लेखी भूमिका स्पष्ट आहे: रजिस्ट्री क्लीनरच्या वापराला कंपनीचा पाठिंबा नाही आणि त्यातून होणाऱ्या बिघाडाची जबाबदारी ती घेत नाही.

नुकसान कसं होतं

हा भाग थोडा तपशिलात बघायला हवा, कारण ‘निदान तोटा तरी काय’ असं अनेकांना वाटतं.

मराठी कीबोर्डचंच उदाहरण घ्या. रजिस्ट्रीत प्रत्येक कीबोर्ड मांडणीची एक नोंद असते. मराठीच्या नोंदीचा क्रमांक शून्यांनी सुरू होऊन 44ई वर संपतो, आणि तिच्यात ‘लेआउट फाइल’ या नावापुढे फक्त केबीडीआयएनएमएआर.डीएलएल एवढंच लिहिलेलं असतं. ड्राइव्ह नाही, फोल्डर नाही. विंडोजला ती फाइल सिस्टम32 मध्ये शोधायची हे ठाऊक आहे. पण पूर्ण पत्ता असायलाच हवा असं धरून चालणाऱ्या कच्च्या क्लीनरला ही नोंद तुटलेली वाटू शकते. ती पुसली गेली तर टायपिंग बंद पडेल आणि दोष मात्र फाँटला दिला जाईल.

असे पत्ते रजिस्ट्रीत जागोजागी आहेत. काही पत्त्यांत फोल्डरऐवजी टक्क्यांच्या चिन्हांत घातलेलं बदलतं नाव असतं. काहींच्या शेवटी स्वल्पविराम आणि आकडा असतो. विंडोज इन्स्टॉलरने टाकलेल्या प्रोग्रॅमच्या काही नोंदींत तर पत्ताच नसतो, वाचता न येणारी सांकेतिक अक्षरं असतात आणि खरी जागा विंडोज त्यावरून शोधतं. 64 बिट विंडोजवर 32 बिट प्रोग्रॅमची नोंद सिस्टम32 म्हणते, पण फाइल प्रत्यक्षात सिसवाउ64 या फोल्डरमध्ये असते. मधला बदल विंडोज परस्पर करतं. प्रत्येक क्लीनरला हे सगळे नियम माहीत असतील याची खात्री नाही. स्कॅनच्या वेळी बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली नसेल, तर तिच्यावर टाकलेला प्रोग्रॅमही ‘गहाळ’ ठरतो.

परिणाम त्याच दिवशी दिसेलच असं नाही, म्हणूनच क्लीनरवर संशय येत नाही. ऑफिस उघडताना दर वेळी ‘कॉन्फिगर होत आहे’ ची पट्टी येते. जुना प्रोग्रॅम काढता येत नाही, कारण काढण्याची माहितीच गेली. उजव्या क्लिकच्या मेनूतला एखादा पर्याय नाहीसा होतो. रजिस्ट्रीत परवाना ठेवणारं जुनं सॉफ्टवेअर पुन्हा किल्ली मागतं, आणि ती किल्ली असलेला डबा दहा वर्षांपूर्वी रद्दीत गेलेला असतो.

घाबरवून विकण्याचा धंदा

स्कॅन फुकट आणि दुरुस्ती विकत, ही या क्षेत्रातली जुनी रीत. फसवणुकीच्या आरोपांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी 2019 मध्ये झालेल्या तडजोडीत ऑफिस डेपो ही दुकानांची साखळी आणि तिला तांत्रिक सेवा पुरवणारी सपोर्ट.कॉम यांनी दोघींनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरण्याचं मान्य केलं. त्या दुकानांत ‘पीसी हेल्थ चेक’ सुरू करताना ग्राहकाला चार साध्या गोष्टी विचारल्या जात: संगणक संथ आहे का, वगैरे. त्यांतल्या एकावर जरी खूण केली, तरी घातक सॉफ्टवेअरची लक्षणं सापडल्याचा निकाल ठरलेला. खरं स्कॅन काय सांगतं याचा त्याच्याशी संबंध नव्हता. 2024 मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या कंपन्यांनी अशाच फसवणुकीच्या आरोपांवर 2 कोटी 60 लाख डॉलर भरण्याचं मान्य केलं. मायक्रोसॉफ्टनेही 1 मार्च 2018 पासून धमकावणारे संदेश दाखवून पैसे काढायला लावणाऱ्या क्लीनर-प्रोग्रॅमना नको असलेलं सॉफ्टवेअर ठरवून काढून टाकायला सुरुवात केली.

नावाजलेला प्रोग्रॅम असला तरी धोका संपत नाही. ऑगस्ट 2017 मध्ये सीक्लीनरच्या 5.33 या 32 बिट आवृत्तीत हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला, आणि कंपनीच्या अधिकृत जागेवरून ती सुमारे 22 लाख 70 हजार संगणकांवर गेली. तो दोष रजिस्ट्री साफ करण्याच्या भागाचा नव्हता. पण ज्या कामाची गरजच नाही त्यासाठी प्रशासकाचे अधिकार असलेला आणखी एक प्रोग्रॅम घरात का आणायचा, हा प्रश्न त्या घटनेने नीट पुढे आणला.

मग संगणक संथ का आहे

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्स भागात चार आकडे बघायचे.

पहिला डिस्कचा. काही विशेष चालू नसताना डिस्क 100 टक्क्यांवर असेल, आणि खाली वाचन-लेखनाचा वेग जेमतेम एक-दोन एमबी प्रतिसेकंद दिसत असेल, तर दुखणं सापडलं. बहुधा ती फिरती हार्ड डिस्क असते. लॅपटॉपमध्ये सहसा मिनिटाला 5400 फेऱ्यांची. मोठी फाइल सलग वाचताना ती शंभरेक एमबीचा वेग देते, पण विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली विखरून वाचाव्या लागतात आणि तिथे ती कोलमडते. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवणं हा यावरचा खरा उपाय. जुन्या संगणकावर पैशाचा याहून चांगला उपयोग दुसरा नाही. त्याआधी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, मग सिस्टम, इथे ‘डिस्क’ या स्रोताकडून क्रमांक 7 किंवा 153 च्या नोंदी वारंवार येत आहेत का ते बघा. येत असतील तर डिस्क मरायला टेकलेली असू शकते. बाकी सगळं सोडून आधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत काढा.

दुसरा मेमरीचा. 4 जीबी ही विंडोज 11 ची किमान अट आहे, आरामाची पातळी नव्हे. ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब उघडले की मेमरी नव्वद टक्क्यांच्या पुढे जाते आणि उरलेला भार डिस्कवर पडतो. रिकामी खाच असेल तर रॅम 8 जीबी करा, पण आपल्या संगणकाला डीडीआर3 प्रकारची रॅम लागते की डीडीआर4 हे पाहूनच विकत घ्या.

तिसरा प्रोसेसरचा वेग. काम चालू असतानाही तो एक गिगाहर्ट्झच्या खाली अडकला असेल, तर पंख्यात धूळ साचली आहे किंवा लॅपटॉपला जोडलेला चार्जर कमी वॉटचा आहे. चौथा त्याच पानावरचा ‘अपटाइम’. तो पंधरा-वीस दिवस दाखवतो आणि तुम्ही मात्र रोज संगणक बंद करता, तर हे फास्ट स्टार्टअपचं काम आहे. त्यात ‘शट डाउन’ केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण नव्याने सुरू होत नाही. ‘रीस्टार्ट’ केल्यावर होतो, म्हणून आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा.

याशिवाय स्टार्टअप भागात जाऊन रोज लागत नाहीत ते प्रोग्रॅम ‘डिसेबल’ करा, आणि सी ड्राइव्हवर पंधरा टक्के तरी जागा मोकळी ठेवा. यासाठी सेटिंग्जमधलं स्टोरेज सेन्स पुरतं.

खरोखर रजिस्ट्रीतली नोंद त्रास देते तेव्हा

असं क्वचित होतं, आणि तेव्हाही नेमकी एक नोंद हाताळायची असते.

संगणक सुरू होताना ‘रनडीएलएल’ नावाची खिडकी येऊन अमुक मोड्यूल सापडलं नाही म्हणत असेल, तर काढून टाकलेल्या प्रोग्रॅमची सुरुवातीला चालण्याची आज्ञा मागे राहिली आहे. खिडकीतलं फाइलचं नाव लिहून घ्या. सिसइंटर्नल्सचंच ऑटोरन्स प्रशासक म्हणून चालवा, ऑप्शन्समध्ये मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा आणि ते नाव शोधा. फाइल नसलेल्या ओळी पिवळ्या दिसतात. पिवळी दिसली म्हणून प्रत्येक ओळ काढू नका. लिहून घेतलेल्या नावाचीच ओळ पकडा आणि पुसण्याऐवजी तिच्यापुढची खूण काढा. ऑटोरन्स ती आज्ञा बाजूला ठेवतं, पुन्हा खूण केली की परत येते. रीस्टार्ट करून त्रास गेला याची खात्री झाली की मग पुसायची तर पुसा.

काढलेला प्रोग्रॅम यादीत अजून दिसतो? कंट्रोल पॅनलमधल्या ‘प्रोग्रॅम्स अँड फीचर्स’ मध्ये त्याच्यावर दोनदा क्लिक करा. तो आधीच काढलेला असेल तर विंडोज बहुतेक वेळा स्वतःच विचारतं की यादीतून नाव काढू का. हो म्हणा, काम संपलं. अँटिव्हायरसचे अवशेष असतील तर त्या कंपनीचं स्वतःचं काढणी-साधन वापरा. त्याला आपल्या नोंदी कुठे आहेत हे ठाऊक असतं.

रेजएडिट या विंडोजच्याच रजिस्ट्री बदलण्याच्या साधनात हाताने काही पुसायची वेळ आलीच, तर आधी त्या फोल्डरवर उजवं क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ करा. एका वेळी एकच बदल, मग रीस्टार्ट, मग तपासणी.

आधीच साफ केलं आणि बिघडलं असेल तर

क्रमाने जा, पहिल्या उपायाने भागलं तर पुढचे नकोत.

1. क्लीनरने साफ करण्याआधी प्रत काढली होती का बघा. सीक्लीनर ती विचारून घेतो आणि सहसा डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये ‘सीसी’ ने सुरू होणाऱ्या नावाने, पुढे तारीख जोडून ठेवतो. त्या फाइलवर दोनदा क्लिक करा, होकार द्या, रीस्टार्ट करा. पुसलेल्या नोंदी परत येतात. अनेकदा साफ केलं असेल तर सर्वांत नवी फाइल आधी घ्या आणि मागे मागे जा.

2. प्रत नसेल तर सिस्टम रिस्टोअर. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधा, तिथून सिस्टम रिस्टोअर उघडा आणि साफ करण्याच्या आधीची तारीख निवडा. तुमचे फोटो आणि कागदपत्रं जात नाहीत. त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्रॅम मात्र जातात. विंडोज सुरूच होत नसेल तर चालू होताना दोन-तीन वेळा पॉवर बटण दाबून धरून बंद करा, दुरुस्तीचा पडदा येतो. तिथे ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग सिस्टम रिस्टोअर. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर 48 अंकी किल्ली मागितली जाईल. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते.

3. एकच प्रोग्रॅम बिघडला असेल तर त्याचा ‘रिपेअर’ पर्याय वापरा किंवा तो त्याच आवृत्तीत पुन्हा टाका. नोंदी नव्याने लिहिल्या जातात.

4. तरीही नाही, तर विंडोज आहे त्यावरच पुन्हा बसवा. अलीकडच्या विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी इथे विंडोज अपडेटमार्फत दुरुस्तीचा पर्याय आहे. नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने 8 जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करा, विंडोज चालू असतानाच त्यावरचा सेटअप चालवा आणि फाइली व प्रोग्रॅम दोन्ही ठेवण्याचा पर्याय निवडा. भाषा आणि आवृत्ती आधीचीच हवी, नाहीतर हा पर्याय राखाडी दिसतो.

एसएफसी स्कॅननाऊ ही आज्ञा इथे अनेक जण सुचवतात. ती विंडोजच्या फाइली दुरुस्त करते, क्लीनरने पुसलेल्या नोंदी परत आणत नाही.

जुन्या लेखांत कॉन्फिग फोल्डरमधल्या रेगबॅकमधून रजिस्ट्री परत आणायला सांगतात. विंडोज 10 च्या 1803 आवृत्तीपासून ती प्रत आपोआप निघत नाही, त्यामुळे तिथल्या फाइली शून्य केबीच्या असतात. त्या खऱ्या फाइलींवर चिकटवल्या तर विंडोज सुरूच होणार नाही. ही प्रत पुन्हा चालू करायची असेल तर संगणक धडधाकट असताना रेजएडिटमध्ये एचकी लोकल मशीन, सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, सेशन मॅनेजर, कॉन्फिगरेशन मॅनेजर असे उतरा. तिथे 32 बिटची नवी डीवर्ड किंमत तयार करा, तिचं नाव ‘एनेबल पीरियॉडिक बॅकअप’ असं इंग्रजीत सलग, मध्ये जागा न सोडता लिहा आणि किंमत 1 द्या. रीस्टार्टनंतर काही दिवसांनी रेगबॅकमधल्या फाइलींचा आकार बघा. सोबत सी ड्राइव्हसाठी सिस्टम प्रोटेक्शन (सिस्टम रिस्टोअर याच्यावरच चालतं) चालू आहे ना हेही तपासा. अनेक संगणकांवर ते बंदच असतं. पाच टक्के जागा दिली तरी पुरते.